मिलोवाली

बुद्धपौर्णिमेला जवळा बाजारच्या आमच्या वस्तीत खिरीची पंगत बसली होती. माझी मावशी वैजापूरकडून आलेली. घास उचलायच्या आधी तिनं कपाळ, छाती, दोन्ही खांदे शिवले. क्रुसाची खूण. पंगतीतला एक दोस्त, गळ्यात निळा गमजा, म्हणाला, 'आली मिलोवाली!' सगळे हसले. मीही हसलो.

त्या हसण्याचा हिशोब मांडतोय. मी जिनिंगमधला मजूर. रुईच्या धुळीत दिवस जातो, वाचन रातपाळीच्या बल्बखाली झालं. पंडिताची भाषा मागू नका.

दोस्तहो, मिलो कुणी खाल्ला? 1972 च्या दुष्काळात अमेरिकेचा लाल मिलो रेशनवर आला आणि अख्ख्या महाराष्ट्रानं खाल्ला. पाटलानं खाल्ला, भटानं खाल्ला. त्यांचा धर्म नाही विकला गेला. महारामांगाचा धर्म तेवढा पोटातून निघतो काय? ही बोली सवर्णांची. सवलतीसाठी बौद्ध झाले, असं ते आपल्यालाही म्हणतात. तीच शिवी आपण मावशीवर फेकायची?

फ्रेंच मिशनरी 1892 ला मराठवाड्यात आले, घोगरगावात ठाण मांडून बसले. बाबासाहेब तेव्हा महूला रांगत होते. इथं निजामाचं राज्य, वेठबिगार, पाणवठा वेगळा. येवल्याची घोषणा व्हायला चाळीसेक वर्षं बाकी. ज्या महाराला तेव्हा बाहेर पडायची एक फट दिसली आणि तो पडला, तो गद्दार कसा?

आता कागद बघा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात हिंदूपुरती ठेवली. 1956 ला शीख आत घेतले, आपण बौद्ध 1990 ला. मधल्या काळात दाखल्यावर 'हिंदू महार' आणि घरात त्रिशरण, असं किती जणांनी केलं ते आपापल्या आज्याला विचारा. ख्रिस्त्याला आजही दार बंद. मावशीचा पोरगा ओबीसीच्या रांगेत. त्याला गावानं तुडवलं तर ॲट्रॉसिटीचा कायदा त्याच्यासाठी नाही. गाव मात्र त्याला महारच म्हणतं. गावाला आदेश कळत नाही.

चर्च धुतल्या तांदळासारखं आहे असं मी म्हणत नाही. तिथंही महार ख्रिस्ती मांग ख्रिस्त्याला पोरगी द्यायला कां कू करतो. भारतातल्या बिशपांनी 2016 ला दलितांविषयीचं धोरण काढलं, त्यात चर्चमध्ये जातीभेद आहे हे स्वतःच कबूल केलं. उशिरा केलं, लई उशिरा. पण केलं. आपल्या किती संघटनांनी असा कागद काढलाय?

पंगत उठली त्या रात्री मांगवाड्यात एक बाळंतीण तापानं फणफणली. मांगवाडा आमच्यापासून हाकेवर. विहाराच्या ओट्यावर आम्ही पंधरा-वीस जण समतेवर बोलत बसलो होतो. निरोप आला. कोणी उठलं नाही. मावशी उठली. रातभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या, लेकरू पोटाशी धरलं, पहाटे रिक्षात घालून औंढ्याला दवाखान्यात नेलं.

मी विचारलं, 'मावशी, तिथं येशू सांगितलास का?'

'तापात काय सांगू बाबा? ताप बघितला. सकाळी देवबापाला तिचं नाव सांगितलं, एवढंच.'

ही बाई रोज रात्री चुलीपुढं बसून आठवते, आज कुणाला लागेल असं बोलले, कुणाचं ठेवून घेतलं. पापनिवेदनाला जाताना ती याद फादरपुढं ठेवते. मला ह्याचंही हसू यायचं. मग वाचलं की उपोसथाच्या दिवशी भिक्खू संघापुढं आपापले दोष उघड करायचे. म्हणजे हे आपल्या घरचंच होतं. आपण ते माळ्यावर टाकलं. बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत, सगळी माणसं समान ही सुद्धा. विहाराचं कुलूप निघतं 14 एप्रिलला आणि 6 डिसेंबरला.

नामदेवासाठी औंढ्याचं देऊळ फिरलं, असं इकडं शेंबडं पोरगंही सांगतं. आपल्या विहाराचं तोंड मांगवाड्याकडं फिरवायला कोणता नामदेव येणार?

मावशी गेली. एसटी हलेपर्यंत माझ्या तोंडातून माफीचा शब्द निघाला नाही. म्हणून हे छापायला देतोय. बाळंतीण बरी आहे. येत्या रविवारी तिच्या लेकराचं बारसं आहे, जेवण तिच्याच घरी, तिच्याच हातचं. मी जाणार. 'मिलोवाली' म्हणणाऱ्यानं माझ्या शेजारी पाटावर बसावं. जागा धरून ठेवतो.