कागद वाचला, तर घर वाचेल

मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाबाहेर सकाळी नजर टाकली, तर महाराष्ट्राचा नकाशाच तेथे उभा असल्याचा भास होतो. कुणी नांदेडहून आलेला, कुणी गडचिरोलीहून, कुणी तळकोकणातून. हातात तपासण्यांची जाडजूड फाईल, सोबत घरचे एखादे माणूस आणि मुक्कामाला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतील किंवा एखाद्या सेवाभावी संस्थेतील जागा. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयाने लाखोंना जीवदान दिले. परंतु रोगाशी चाललेल्या या लढाईच्या मागे दुसरी एक लढाई चाललेली असते, ती पैशांची. डॉक्टर पहिली लढाई जिंकून देतात आणि त्याच वेळी घर दुसरी हरत असते, हे चित्र आता अपवादाचे राहिलेले नाही.

आंतरराष्ट्रीय अनुमानानुसार २०२२ या एका वर्षात भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले. रोगाचे हे प्रमाण पाहून मध्यमवर्गाने आरोग्यविम्याचा आधार शोधला, हे योग्यच झाले. मात्र विमा घेणे आणि विमा समजून घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘पाच लाखांची पॉलिसी आहे’ एवढ्या एका वाक्यावर अनेक कुटुंबे निश्चिंत असतात. ते पाच लाख कशासाठी, केव्हा आणि कोणत्या अटींवर मिळणार, हा प्रश्न निदान झाल्यानंतरच विचारला जातो. तहान लागल्यावर विहीर खणण्यातलाच हा प्रकार.

अडचणीचे मूळ विम्याच्या घडणीत आहे. १९८६ साली देशात ‘मेडिक्लेम’ आला, तो रुग्णालयात किमान २४ तास दाखल होणाऱ्या रुग्णाचा विचार करून. अपेंडिक्सची शस्त्रक्रिया त्या चौकटीत नेमकी बसते, कर्करोग बसत नाही. त्याचे उपचार महिनोन्‌महिने चालतात. शस्त्रक्रिया एकदाच होते, पण केमोथेरपीच्या फेऱ्या दर काही आठवड्यांनी होतात, किरणोपचारासाठी रोज जावे लागते आणि गोळ्या घरीच घ्यायच्या असतात. केमोथेरपी व किरणोपचार हे ‘डे केअर’ उपचार म्हणून बहुतेक पॉलिसींत ग्राह्य धरले जातात. दाखल न होता केलेली महागडी स्कॅन-तपासणी आणि वर्षानुवर्षांची फेरतपासणी मात्र पॉलिसीत नमूद केलेल्या मुदतीबाहेर गेली, की खर्च रुग्णाच्या खिशातून होतो. प्रवासखर्च आणि बुडालेला रोजगार तर कोणत्याच हिशेबात नसतो.

विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली तोंडावाटे घेण्याची केमोथेरपी, इंजेक्शनद्वारे दिली जाणारी इम्युनोथेरपी आणि रोबोटिक शस्त्रक्रिया यांसह १२ आधुनिक उपचार पॉलिसीतून वगळण्यास कंपन्यांना मनाई केली. हे स्वागतार्ह पाऊल होते. परंतु या उपचारांवर उपमर्यादा घालण्याची मुभा कंपन्यांकडे राहिली. त्यामुळे मुखपृष्ठावर १० लाखांचे संरक्षण असलेल्या पॉलिसीच्या आतल्या पानावर इम्युनोथेरपीसाठी त्याच्या निम्मीच रक्कम लिहिलेली असू शकते. मुखपृष्ठावरचा आकडा म्हणजे संरक्षण नव्हे, ती केवळ संरक्षणाची कमाल मर्यादा होय.

खोलीभाड्याची अट ही अशीच एक न दिसणारी खाच. समजा, पॉलिसी ५ लाखांची आहे आणि खोलीभाडे रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये, इतकेच मान्य आहे. रुग्णाने १०,००० रुपयांची खोली घेतली, तर कपात केवळ भाड्याच्या फरकाची होत नाही. डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचा आकार असे खोलीच्या श्रेणीनुसार बदलणारे खर्चही त्याच प्रमाणात निम्म्याने कापले जाऊ शकतात. हा खर्च ३ लाखांचा असेल, तर दीड लाख रुपये घरून भरावे लागतात. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवायची उपकरणे यांना अशी प्रमाणशीर कपात लावता येत नाही, हे तरी देयक तपासताना ठाऊक हवे.

दुसरा विषय प्रामाणिकपणाचा. प्रस्तावपत्र पुष्कळदा विमा प्रतिनिधी भरतो आणि ग्राहक केवळ सही करतो. तंबाखूची सवय, पूर्वी काढलेली गाठ, सुरू असलेले औषध ‘लिहायची गरज नाही’ म्हणून गाळले जाते आणि पुढे दावा नाकारताना नेमका तोच मुद्दा पुढे येतो. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ पासून कमाल ३ वर्षांवर आणला गेला. सलग ५ वर्षे विमा चालू राहिल्यानंतर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. म्हणूनच नूतनीकरणाची तारीख चुकवणे म्हणजे पुण्याई घालवणे. पूर्वी दावा केला होता म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही, हेही ध्यानात असावे.

नोकरीच्या ठिकाणचा सामूहिक विमा नोकरीसोबतच संपतो आणि कर्करोगाच्या दीर्घ उपचारांत नोकरी टिकेलच याची शाश्वती नसते. ती सुटण्यापूर्वी त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागता येते. एकरकमी पैसे देणारी ‘गंभीर आजार’ पॉलिसी ही आणखी निराळी. ती घरखर्चाला उपयोगी पडते, पण अगदी प्राथमिक अवस्थेतील कर्करोग तिच्या साधारण व्याख्येत बसत नाही. रोग लवकर सापडला म्हणून आनंदलेल्या कुटुंबाच्या पदरी येथे निराशा येते.

ज्यांच्याकडे खासगी विमा नाही, तेही निराधार नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली झाली असून तिची मर्यादा वर्षाला ५ लाख रुपये आहे. आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षांवरील ज्येष्ठांना उत्पन्नाची अट न घालता सामावून घेण्यात आले आहे. मात्र उपचार अंगीकृत रुग्णालयात आणि पूर्वमान्यता घेऊनच सुरू व्हावे लागतात. आधी पैसे भरून नंतर योजनेची चौकशी करणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. रुग्णालयातील आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटणे हा त्यावरचा साधा उपाय.

दावा नाकारला गेला, तरी सारे संपत नाही. नकाराचे कारण लेखी मागावे, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे दाद मागावी आणि महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क नाही, वकिलाचीही गरज नाही. रुग्णाची शक्ती उपचारांत खर्ची पडत असल्याने हे काम घरातील दुसऱ्या कुणी अंगावर घ्यायला हवे.

पण सारा भार रुग्णावरच टाकून व्यवस्थेला मोकळे होता येणार नाही. मुख्य अटी सांगणारे माहितीपत्रक ग्राहकाने मागितल्यास स्थानिक भाषेत द्यावे, असा दंडक आहे. ते न मागताच मराठीत मिळायला हवे. दाखल न होता कराव्या लागणाऱ्या तपासण्या आणि घरी घ्यायची औषधे यांना कर्करोगापुरते तरी पूर्ण संरक्षण देण्यावर नियामकाने विचार करायला हवा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर हटला. हप्ता हलका झाला, आता अटी सरळ व्हाव्यात.

समाजाचेही काही कर्तव्य आहे. गाडगेबाबांच्या नावाने उभ्या राहिलेल्या धर्मशाळेने परगावच्या रुग्णाला छप्पर दिले. आज त्याला पॉलिसी वाचून दाखवणाऱ्या, अर्ज भरून देणाऱ्या माणसाचीही तितकीच गरज आहे. प्रत्येक गावातील वाचनालयाने, गणेशोत्सव मंडळाने, ज्येष्ठ नागरिक संघाने निवृत्त बँक वा विमा कर्मचाऱ्यांच्या साहाय्याने वर्षातून एक दिवस ‘पॉलिसी वाचन’ ठेवावे. रक्तदान शिबिराइतकेच ते पुण्याचे काम ठरेल. घरोघरीच्या कपाटात जपून ठेवलेला तो कागद निरोगी असतानाच बाहेर काढून वाचायला हवा. रोगाचे निदान झाल्यावर तो वाचण्याइतकी मनाची स्वस्थता कुणापाशीच उरत नाही.