पोटाचें दुखणें आणि दुकानची गोळी

गेल्या कांहीं वर्षांत खेडोपाडीं एक वाईट चाल पडली आहे. पोट बिघडलें कीं दुकानांतून प्रतिजैविकाच्या दोनचार गोळ्या आणावयाच्या, बरें वाटलें कीं उरलेल्या फडताळांत ठेवावयाच्या, आणि पुढें दुसऱ्या कोणास तसेंच झालें म्हणजे त्या त्यास द्यावयाच्या. ही चाल मोडलीच पाहिजे, असें आमचें मत आहे. व तें आम्हांस घरच्या अनुभवानें पटलें आहे.

आमच्या नातीस चवथ्या वर्षापासून वारंवार जुलाब होत. पोट फुगे, अंग धरीना, चेहरा पांढरा पडे. दोन वर्षांत तिला सहा वेळां प्रतिजैविकें दिलीं गेलीं. पैकीं तीन वेळां तीं आम्हींच चिठ्ठीवांचून आणलीं, हें कबूल करितांना आम्हांस लाज वाटते. अखेर एका डॉक्टरांनीं रक्त तपासविलें, दुर्बिणीनें लहान आंतड्याचा कण काढून पाहिला, व सीलियाक रोगाचें निदान केलें. गव्हांत व जवांत ग्लुटेन नांवाचें द्रव्य असतें. कणकेस जो चिकटपणा येतो तो त्याचाच. या रोगांत त्या द्रव्याच्या निमित्तानें शरीर आपल्याच आंतड्याचें अस्तर झिजवितें. जेथें जंतूंचा संबंधच नाहीं, तेथें जंतु मारणारी गोळी काय करणार? पोळी बंद करून ज्वारी, तांदूळ व नाचणी सुरू केली, आणि सहा महिन्यांत मूल सुधारलें.

यावरून सर्वांनीं गहूं टाकावा, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. बहुतेकांस गहूं मानवतो; शिवाय तपासणीपूर्वींच तो सोडला तर रक्तांतील खूण पुसट होऊन निदान चुकतें. आम्हीं उमेदीचीं वर्षें महसुली दप्तरांत घालविलीं. मोजणीवांचून हद्द कायम करूं नये, हें तेथें शिकलों. तोच नियम येथें लागू आहे.

कोणी म्हणेल, गोळी वायां गेली, एवढेंच ना? तसें नाहीं. आंतड्यांत असंख्य उपकारक जंतु नांदतात. प्रतिजैविक त्यांसहि मारितें, व मोकळ्या रानांत तण माजावें तसे दुष्ट जंतु माजतात. त्या माऱ्यांतूनहि जे टणक जंतु वांचतात त्यांचीच पैदास वाढते, आणि पुढें खऱ्या दुखण्यांत तें औषध चालत नाहीं. कपाशीवाल्यांस हें निराळें सांगणें नको. २०१७ सालीं विदर्भांत गुलाबी बोंडअळीनें बीटी कपाशीस जुमानलें नाहीं, तें याच न्यायानें. पेनिसिलिनचे शोधक फ्लेमिंग यांनीं १९४५ सालींच आपल्या नोबेल व्याख्यानांत अपुऱ्या मात्रेचा हा धोका सांगून ठेविला होता.

गोठाहि यांतून सुटत नाहीं. दगडी झालेल्या गाईचें दूध, औषधाच्या वेष्टनावरील मुदत संपण्यापूर्वींच डेअरींत घालणें, किंवा निरोगी कोंबड्यांस वाढीसाठीं औषधें चारणें, हीं त्याच दोषाचीं अंगें होत. कोलिस्टिन हें डॉक्टरांचें अखेरचें हत्यार. तें खाद्यासाठीं पाळलेल्या जनावरांस देण्यावर सरकारास जुलै २०१९ मध्यें बंदी घालावी लागली.

तेव्हां शेतकरी बंधूंस आमची विनंति इतकीच. साध्या जुलाबांत प्रथम मीठ-साखरेचें पाणी द्यावें. रक्त पडलें, ताप चढला किंवा मूल मलूल झालें, तर विनाविलंब डॉक्टर गांठावा. दुखणें महिनाभर रेंगाळलें तर तपासणी करवावी. प्रतिजैविक चिठ्ठीवांचून घेऊं नये, व उरलेलें साठवूं नये. आमच्या नातीचीं वाढीचीं दोन वर्षें आमच्या अज्ञानापायीं गेलीं. तीं परत येणार नाहींत. दुसऱ्या कोणाचीं तशीं जाऊं नयेत, म्हणून हा लेखनप्रपंच.