छाप पेढीचा, हात पारख्याचा

अकोल्याच्या बाजारातून निघणाऱ्या रुईच्या गाठीवर पेढीचा छाप असतो. चिमटीत धागा ओढून कापसाची प्रत सांगणाऱ्या पारख्याचे नाव त्या गाठीवर नसते. अमरावतीच्या कापड दुकानांतही हाच न्याय चालतो. पाटीवर मालकाचे नाव झळकते आणि गिऱ्हाइकाची आवड नेमकी जाणणारा जुना माणूस थप्प्यांच्या आड उभा असतो. गाण्याच्या व्यवहारातही अशीच एक जागा आहे, ती संगीत संयोजकाची.

चाल संगीतकार बांधतो. ती कोणत्या वाद्याने उघडावी, दोन कडव्यांमधील अवकाश कसा भरावा, गायक थांबताच सतारीने बोलावे की बासरीने, हे संयोजक योजतो आणि प्रत्येक वादकापुढे त्याची स्वरलिपी ठेवतो. पूर्वी संपूर्ण गाणे एका वेळी ध्वनिमुद्रित होत असे. एकाचा एक स्वर चुकला, तरी सर्वांना पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागे. ही जोखीम पेलणाऱ्याचे नाव तबकडीवर बहुधा नसे.

प्रभाकर जोग यांचे आयुष्य याच जागेवर घडले. त्यांचा जन्म १९३२ चा. गजाननबुवा जोशी आणि नारायणराव मारुलकर यांच्याकडे ते व्हायोलिन शिकले. बाराव्या वर्षापासूनच पुण्यातील वाड्यांत सव्वा रुपया आणि नारळ एवढ्या बिदागीवर ते वाजवीत. पुढे ते सुधीर फडके यांचे सहायक झाले. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. दर आठवड्याला एक नवे गीत, अशी एकूण ५६ गीते वर्षभरात सादर झाली. त्या वाद्यमेळात जोगांचे व्हायोलिन होते आणि त्यानंतरच्या शेकडो प्रयोगांतही तेच साथीला राहिले. श्रोते मात्र गायकाला ऐकण्यासाठी येत.

जोगांनी या जागेविषयी कडवटपणा धरला नाही आणि तिच्यातच अडकूनही पडले नाहीत. त्यांनी स्वतः चाली दिल्या. त्यांतीलच एक 'स्वर आले दुरुनी' हे भावगीत. मग 'गाणारे व्हायोलिन' आले. व्हायोलिनला शब्द नसतात. परंतु अक्षराच्या आघातावर गज वळवला आणि लांबवलेला स्वर एकाच ओढीत धरला, तर ओळखीच्या गाण्यातील शब्द कानी आल्यासारखे वाटतात. वर्षानुवर्षे साथ करताना गायकाच्या शब्दांकडे लागलेला कान हेच त्यांचे भांडवल ठरले. दुसऱ्याच्या पेढीवर निष्ठेने केलेले काम आपल्याही खात्यावर जमा होत असते, ते असे.

महाराष्ट्र शासनाचा २०१५ चा लता मंगेशकर पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा वयाची ऐंशी वर्षे उलटली होती. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर ते निवर्तले.

निष्ठेची नोंद मात्र आपोआप होत नाही; ती कोणीतरी करावी लागते, आणि वेळेवर करावी लागते. येत्या दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी दुकानात बसू लागलेल्या मुलांना एवढेच विचारून पाहावे : आजोबांच्या काळी पेढीची रोजकीर्द लिहिणाऱ्या मुनीमजींचे नाव काय होते? उत्तर आले नाही, तर वडीलधाऱ्यांनी ते त्याच दिवशी सांगून ठेवावे.