कापडावरचा लेप आणि कस्टमचा डोळा

न्हावा शेवा बंदरात उतरलेल्या कंटेनरमध्ये सुती कापडाचे तागे आहेत, एवढे कळले म्हणून त्यावर किती आयात शुल्क लागेल हे सांगता येत नाही. त्या कापडावर प्लास्टिकचा लेप आहे काय, असल्यास तो डोळ्यांना दिसतो काय, एका अंगाला आहे की दोन्ही अंगांना, त्यातून काही नक्षी उमटली आहे काय, या प्रश्नांची उत्तरे आधी द्यावी लागतात. वरवर पाहता हा कारकुनी तपशील वाटेल. प्रत्यक्षात भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांना मिळणारे संरक्षण आणि एखाद्या लहान आयातदाराचे वर्षभराचे भांडवल या दोन्हींचा निकाल याच उत्तरांवर लागत असतो.

जागतिक सीमाशुल्क संघटनेची 'हार्मोनाइज्ड सिस्टीम' १९८८ मध्ये लागू झाली. भारताने आपले दरपत्रक त्या धर्तीवर १९८६ मध्येच बांधले होते आणि २००३ पासून ते आठ अंकी झाले. या व्यवस्थेत विणलेले सुती कापड प्रकरण ५२ मध्ये, ५२०८ ते ५२१२ या शीर्षकांखाली येते. त्याच कापडाला प्लास्टिकचा लेप दिला की ते ५९०३ मध्ये जाते. रबराचा असेल तर ५९०६, तेलाचा किंवा मेणाचा असेल तर ५९०७. प्लास्टिकने दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकले गेले, तर ते कायद्याच्या लेखी कापडच राहत नाही. त्याची रवानगी प्रकरण ३९ मध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या वस्तूंत होते.

या स्थलांतराला पैशाचा अर्थ आहे. विणलेल्या कापडाच्या अनेक प्रकारांवर आपल्याकडे दुहेरी दर असतो : किमतीच्या अमुक टक्के किंवा प्रति चौरस मीटर अमुक रुपये, यांपैकी जे अधिक असेल ते. बीजकावर किंमत पाडून दाखवणाऱ्याला रोखण्यासाठी ही दुसरी अट घातलेली आहे. लेपित कापडाला मात्र सामान्यतः केवळ टक्केवारी लागते. साहजिकच साध्या कापडाला 'लेपित' म्हणवून घेण्याचा मोह स्वस्त मालाच्या आयातदाराला होतो. आणि खरोखर लेपित माल आणणाऱ्याकडेही अधिकारी त्याच संशयाने पाहतात.

मग लेप आहे की नाही हे ठरवायचे कसे? प्रकरण ५९ च्या दुसऱ्या टिपेत दिलेली कसोटी आजच्या काळात ऐकणाऱ्याला चकित करणारी आहे. लेप उघड्या डोळ्यांना दिसला पाहिजे. लेपामुळे केवळ रंग बदललेला दिसत असेल, तर तो बदल धरायचा नाही. सूक्ष्मदर्शक नाही, रासायनिक पृथक्करण नाही, तर साधा माणसाचा डोळा. त्यामुळे पाणी न शोषणारे पॉपलिन किंवा गॅबर्डिन, ज्याला जलरोधक रसायनात बुडवून काढलेले असते पण ज्याच्या पृष्ठभागावर काहीच दिसत नाही, ते प्रकरण ५२ मध्येच राहते. पावसात ते कितीही कोरडे राहिले तरी कायद्याला त्याचे सोयरसुतक नाही. उलट सोफ्यावर चढवायचे रेक्झिन, म्हणजे सुती कापडावरचा पीव्हीसीचा ठळक थर, निर्विवादपणे ५९०३ मध्ये जाते. आपल्या दरपत्रकात सुती कापडाच्या नकली चामड्याला स्वतंत्र आठ अंकी ओळ आहे.

खळीचे उदाहरण तर मजेदार आहे. कापडाला नेहमीची खळ देऊन कडक केले, तर ती सर्वसाधारण सफाई समजली जाते आणि कापड आपल्या मूळ प्रकरणात राहते. पण तीच खळ किंवा गोंद चढवून कापड पुस्तकाच्या बांधणीसाठी तयार केले, की ते ५९०१ मध्ये जाते. पदार्थ एकच, वापर बदलला की घर बदलले. आणखी एक कसोटी तपमानाची आहे. १५ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये ७ मिलिमीटर व्यासाच्या दांडीभोवती हाताने वाकवताना जे तडकते, ते ५९०३ मध्ये बसत नाही.

खरी कटकट उद्भवते ती ठिपक्यांची. शर्टाच्या कॉलरमध्ये आणि कफमध्ये घालण्याचे अस्तर, ज्याला शिंपी 'फ्यूजिंग' म्हणतात, ते बहुधा सुती कापडच असते. त्याच्या एका बाजूला प्लास्टिकचे बारीक ठिपके असतात आणि गरम इस्त्री फिरवली की ते वितळून वरच्या कापडाला चिकटतात. टीप सांगते की अंशतः लेपित असून त्या लेपामुळे ज्यावर नक्षी उमटली आहे, ते कापड ५९०३ मधून वगळावे. ओळीने मांडलेले ठिपके ही नक्षी म्हणायची काय? संघटनेच्याच स्पष्टीकरणात्मक टिपणांत म्हटले आहे की, दिसू शकतील असे थर्मोप्लास्टिकचे कण फवारलेले आणि उष्णता व दाबाने चिकटणारे कापड ५९०३ मध्ये यावे. फवारलेले कण आत आणि छापलेले ठिपके बाहेर, असा अर्थ लावायचा काय, यावर आपल्याकडे अबकारी कराच्या काळापासून वाद झाले. माझ्या मते चिकटण्यासाठी टाकलेला ठिपका नक्षी ठरू शकत नाही. शिवलेल्या कॉलरच्या आत तो कोणाला दिसतही नाही. परंतु नियमाच्या शब्दांवर बोट ठेवणाऱ्याला उलट बाजू मांडता येते, हे मान्य केले पाहिजे.

२०२० पासून मूल्यांकन 'चेहराविरहित' झाले. मुंबईच्या बंदरातील मालाची कागदपत्रे दुसऱ्या शहरातील अधिकारी संगणकावर तपासतो. भ्रष्टाचार आटोक्यात ठेवण्याच्या दृष्टीने यात तथ्य आहे. परंतु जी कसोटी मुळात कापड हातात धरून, उजेडात तिरके करून पाहण्याची आहे, ती पडद्यावर कशी लावणार? मग नमुना प्रयोगशाळेत जातो. तेथून येणारा अहवाल तंतूचे प्रमाण, दर चौरस मीटर वजन आणि लेपातील बहुवारिकाचे नाव सांगतो. लेपाचे अस्तित्व उपकरणाने सिद्ध होते. तो उघड्या डोळ्यांना दिसतो काय, या एकाच प्रश्नाचे उत्तर अहवालात स्पष्ट लिहिलेले नसेल, तर बाकी सारे आकडे निरुपयोगी ठरतात. तोपर्यंत माल हमीपत्रावर तात्पुरत्या मूल्यांकनाने सोडवता येतो, अन्यथा बंदरातील भाडे दिवसागणिक चढत राहते.

कायद्याची बाजू आयातदाराला अगदीच प्रतिकूल नाही. माल अमुक शीर्षकात मोडतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी महसूल खात्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एचपीएल केमिकल्स प्रकरणात पुन्हा सांगितले. मात्र वाद सवलतीच्या अधिसूचनेचा असेल तर पारडे फिरते. दिलीपकुमार आणि कंपनीच्या प्रकरणात २०१८ साली घटनापीठाने निर्णय दिला की, अशा अधिसूचनेतील संदिग्धतेचा लाभ सरकारला मिळेल. २०११ पासून शुल्काचे स्वयंमूल्यांकन आयातदारानेच करायचे असल्याने चुकीची पहिली जोखीमही त्याचीच. साध्या चुकीसाठी दोन वर्षांपर्यंत मागे जाऊन मागणी करता येते. हेतुपुरस्सर खोटी माहिती ठरली तर पाच वर्षे आणि वर शुल्काइतका दंड. ठिपक्यांबद्दलचा प्रामाणिक मतभेद आणि हेतुपुरस्सर लबाडी यांतली रेषा नोटिशीत अनेकदा पुसली जाते, ही आयातदारांची तक्रार अनाठायी नाही.

तरीही यंत्रमागधारकांची भीती खोटी म्हणता येत नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राने कृत्रिम धाग्याच्या विणीव, म्हणजे निटेड, कापडाच्या पाच ओळींवर किलोमागे साडेतीन डॉलर ही किमान आयात किंमत लावली. काही महिन्यांतच ती तेरा ओळींपर्यंत वाढवावी लागली, कारण एक दार बंद केले की माल शेजारच्या दाराने येतो. २०२५ च्या अर्थसंकल्पात निटेड कापडाच्या नऊ ओळींवर २० टक्के किंवा किलोमागे ११५ रुपये, जे अधिक ते, असा दर आला. तो सुती लेपित कापडाचा विषय नव्हे, पण शीर्षक बदलून शुल्क टाळण्याची वाट किती रुळलेली आहे हे त्यातून दिसते.

यावर नवा कायदा करण्याची गरज नाही. जानेवारी २०२१ पासून मुंबई आणि दिल्लीत सीमाशुल्काची अग्रिम निर्णय प्राधिकरणे काम करीत आहेत. माल जहाजावर चढण्याआधीच त्याचे शीर्षक तेथे ठरवून घेता येते. नियमित माल आणणाऱ्याने नमुन्यासह तेथे जाणे शहाणपणाचे, जरी एखाद-दुसरा कंटेनर मागवणाऱ्याला हा खर्च आणि वेळ परवडत नाही. खात्याच्या बाजूने करण्यासारखी गोष्ट त्याहून स्वस्त आहे. कापडाच्या प्रत्येक तपासणी अहवालात 'लेप उघड्या डोळ्यांना दिसतो / दिसत नाही', 'एका बाजूस / दोन्ही बाजूंस', 'नक्षी आहे / नाही' असे तीन रकाने सक्तीचे करावेत आणि नमुना फाडून काढणाऱ्या बंदरातील अधिकाऱ्याने ते माल समोर असतानाच भरून खाली सही करावी. मूल्यांकन करणारा अधिकारी मग कोणत्याही शहरात बसलेला असला तरी चालेल.