पाण्याची झडप व तिचा चालक : निवड कोणत्या कसोटीवर करावी?

सामायिक उपसा योजनेंत पंप कोणता घ्यावा याविषयीं आपण चार-चार बैठका घेतों, नळाच्या जाडीचा कीस पाडतों. परंतु झडपेची, म्हणजे बोलण्यांत आपण जिला ‘वॉल’ म्हणतों तिची, निवड मात्र दुकानदाराच्या दरपत्रकावर सोडून देतों. ही चाल घातक आहे असें माझें स्पष्ट मत आहे. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां पाण्याच्या तंट्यांचे पुष्कळ अर्ज माझ्या नजरेखालून गेले. वरच्या खातेदारानें पाणी ओढून घेतलें, शेवटच्याची बागाईत वाळली, ही तक्रार नेहमींची. परंतु जी झडप वाटप करण्यासाठीं बनलेलीच नाहीं तिच्याकडून वाटपाचें काम घेतल्यावर केवळ माणसाला दोष देऊन काय साधणार?

पहिली कसोटी कामाची. उभी पाती वरखालीं होणारी जी स्लूस झडप आपल्याकडे सर्रास दिसते, ती पूर्ण उघडण्यासाठीं किंवा पूर्ण मिटण्यासाठीं आहे. ती अर्धवट उघडी ठेवली म्हणजे पाती थरथरते, बैठक झिजते, आणि पुढें ती मिटवूनही पाणी गळत राहतें. गोळ्याची झडप लहान नळास उत्तम. पण पाव फेऱ्यांत ती झटकन मिटते, आणि धांवतें पाणी एकदम अडल्यामुळें नळास घणासारखा धक्का बसतो. मोठ्या नळावर फिरत्या तबकडीची बटरफ्लाय झडप हलकी व स्वस्त पडते, कांहीं मर्यादेंत प्रवाहही आंवरते. मात्र तिला दांत्यांची पेटी असावी, म्हणजे ती सावकाश मिटेल. पाणी खरोखर मोजून सोडावयाचें असेल तर ग्लोब जातीची किंवा रबरी पडद्याची नियंत्रक झडपच घ्यावी.

दुसरी कसोटी मापाची. नळ चार इंची म्हणून झडपही चार इंची, हा हिशेब नियंत्रक झडपेस लागू नाहीं. तिच्या कोष्टकांत ‘केव्ही’ नांवाचा आंकडा असतो : झडपेंत एक बार, म्हणजे सुमारें एक किलोचा, दाब खर्च होतांना ताशीं किती घनमीटर पाणी जाईल तो. समजा, आपल्याला ताशीं ४० घनमीटर पाणी हवें आहे आणि झडपेंत पाव बार दाब खर्च करण्याची तयारी आहे. पावाचें वर्गमूळ अर्धें. ४० ला अर्ध्यानें भागिलें कीं ८० येतात. पूर्ण उघडी असतां ८० हून थोडा अधिक केव्ही असलेली झडप पुरे. ती पुष्कळदां नळापेक्षां एक माप लहान निघते. फाजील मोठी झडप घेतल्यास ती जेमतेम किलकिली ठेवून काम चालवावें लागतें, आणि मग ती खातेही लवकर.

तिसरी आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाची कसोटी झडप हलविणाऱ्या साधनाची, ज्यास कारखान्यांत ॲक्चुएटर म्हणतात. आमच्या पिंपरी-चिंचवड व चाकणच्या पट्ट्यांत दाबलेली हवा कारखान्यांत असतेच. म्हणून तेथें हवेनें चालणाऱ्या झडपा सोयीच्या. त्यांत स्प्रिंग असते, आणि निवड करतांना अभियंता प्रथम हें विचारतो कीं, हवा बंद पडली तर झडप उघडी राहिलेली बरी कीं मिटलेली? वाफेची बहुधा मिटावी, थंड करणाऱ्या पाण्याची उघडावी. हाच प्रश्न शेतकऱ्यानेंही विचारला पाहिजे. विजेच्या मोटारीवर चालणारी साधी झडप वीज जातांच आहे त्या जागीं थांबते. आणि आपल्या विजेचा भरंवसा काय वर्णावा!

मग उपाय काय? उपाय आपल्याच जिल्ह्यांत शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं होऊन गेला आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत असतां १९०३ सालीं खडकवासल्याच्या सांडव्यावर स्वयंचलित दारें बसविलीं. पाणी ठरल्या पातळीच्या वर चढलें कीं तीं आपोआप उघडत, उतरलें कीं मिटत. धरण उंच न करितां साठा वाढला. तें जुनें धरण १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतच्या पुरांत फुटलें. तथापि पाण्याच्या बळानेंच पाणी आंवरण्याचें तत्त्व कांहीं वाहून गेलें नाहीं.

रबरी पडद्याच्या झडपेंत तेंच तत्त्व आहे. नळांतलें दाबाचें पाणी पडद्यावरच्या कोठडींत घेतलें कीं झडप मिटते, बाहेर सोडलें कीं उघडते. तिला दाब राखणारी लहान मार्गदर्शक झडप जोडली म्हणजे वरच्या खातेदारानें कितीही चक्रें फिरविलीं तरी, मुख्य नळांत पुरेसा दाब आहे तोंवर, खालच्या फांट्यास ठरलेलाच दाब मिळतो. पंप थांबला तर दाब जातो खरा, पण तेव्हां आंवरावयास पाणीही उरत नाहीं.

हिचे दोषही सांगितले पाहिजेत. गढूळ पाण्यानें तिच्या बारीक नळ्या तुंबतात. म्हणून गाळणी अवश्य. आणि जेथें दाब फारच थोडा, तेथें ती नीट चालत नाहीं. तेथें दांत्यांच्या पेटीची हातचक्री बटरफ्लायच बरी.

ताथवड्याची बरीच जमीन आज इमारतींखालीं गेली आहे. मावळ-मुळशींत जी शेती उरली आहे तिचें पाणी तरी तंट्यांत वायां जाऊं नये. म्हणून माझी सूचना अशी कीं, प्रत्येक पाणी-संस्थेनें खरेदीपूर्वीं प्रत्येक झडपेपुढें चार गोष्टी लिहून ठरावांत नोंदवाव्या : काम कोणतें, पाणी व दाब किती, हलविणार कोण, आणि वीज गेल्यास ती कोणत्या स्थितींत राहणार. चार ओळींच्या या नोंदीनें पुढचे चाळीस अर्ज वांचतील. सुज्ञांस अधिक सांगणें न लगे.

— एक सेवानिवृत्त महसूल कारकून, ताथवडे