‘तुमचे वडील कसे आहेत?’

जुन्या वळणाच्या ब्रिटिश माणसाने डोळा मिचकावून ‘हाउज युअर फादर’ म्हटले, तर त्याला कोणाच्या वडिलांची चौकशी करायची नसते. त्याला शरीरसंबंध म्हणायचे असते. तिथल्या म्युझिक हॉलच्या विनोदी कार्यक्रमांतून हा प्रयोग रूढ झाला, असे मानतात. ‘स्लॅप अँड टिकल’ म्हणजे चापटी आणि गुदगुल्या, ‘रम्पी-पम्पी’, ‘हँकी-पँकी’, ‘नूकी’ ही याचीच भावंडे. १७८५ साली फ्रान्सिस ग्रोस यांनी रस्त्यावरच्या इंग्रजीचा कोश काढला. त्यात ‘ब्लँकेट हॉर्नपाइप’ आहे. हॉर्नपाइप हा खलाशांचा नाच, इथे तो पांघरुणाखाली! १९७३ मध्ये ‘प्रायव्हेट आय’ या व्यंग्य-पाक्षिकाने यात ‘युगांडाविषयी चर्चा’ अशी भर घातली.

हे शब्द मला आवडतात. दादा कोंडक्यांच्या चित्रपटांना शिट्ट्या ऐकत वाढलेल्या माणसाला ते न आवडायला काय झाले? ब्रिटनची ‘कॅरी ऑन’ चित्रपटमाला याच जातीची, आणि तिचे काही चित्रपट तर इस्पितळातच घडतात. पण एक गोष्ट डॉक्टर म्हणून खटकते. विनोदासाठी डझनांनी शब्द आणि दुखण्यासाठी मात्र आडपडदा.

ग्रोस यांच्याच कोशात गुप्तरोगाला ‘कॉव्हेंट गार्डनचा थंडीताप’ म्हटले आहे. निरोधला इंग्रज ‘फ्रेंच लेटर’ म्हणत, तर फ्रेंच लोक त्यालाच ‘इंग्लिश टोपडे’ म्हणत. आपणही मागे नाही. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ ग्रंथात सिफिलिसचे नाव ‘फिरंग रोग’ आहे. रोग नेहमी शेजारच्याचा.

सरकारही असेच बोलत होते. १८६४ साली ब्रिटिश संसदेने ‘सांसर्गिक रोग कायदा’ केला. नाव ऐकून पटकी किंवा देवी आठवेल. कायदा होता फक्त गुप्तरोगांसाठी. लष्करी तळ आणि बंदरे असलेल्या गावांत वेश्या असल्याच्या संशयावरून बायकांची सक्तीने तपासणी व्हायची. त्यांच्याकडे जाणाऱ्या सैनिकांना या कायद्याने हात लावला नाही. १८६८ मध्ये हिंदुस्थानातही तसाच कायदा आला. ब्रिटनमधला १८८६ मध्ये रद्द झाला. सभ्य नावाआड काय काय खपते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

आणि ‘रम्पी-पम्पी’वर हसणारी पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. या वयात ‘तसले काही’ नसते, असे मुलांना वाटते आणि बऱ्याच डॉक्टरांनाही. वास्तव वेगळे आहे. पाळी गेल्यावर गर्भाची भीती नसते, म्हणून निरोध वापरला जात नाही. योनीचे अस्तर पातळ झालेले असते, त्यामुळे इजा होणे सोपे आणि संसर्गही. एचआयव्ही वृद्धांमध्ये अनेकदा उशिरा सापडतो, कारण कोणाच्या मनातच येत नाही. पुरुषाची ताठरता कमी होणे ही केवळ चेष्टेची गोष्ट नाही. शिश्नाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे त्या आधी तुंबू शकतात. छातीत दुखू लागण्यापूर्वी काही वर्षे मिळालेली ती सूचना असू शकते. ती विनोदात उडवली, की हृदयाची तपासणी राहून जाते.

आमच्या ओपीडीत इंग्रजी विनोद येत नाहीत. तिथे येते ‘कमजोरी’. या एका शब्दाखाली रक्तक्षय असतो, मधुमेह असतो, मनाची उदासी असते आणि ताठरता नसणेही असते. रुग्ण तो शब्द टाकतो आणि डॉक्टर टॉनिक लिहून मोकळा होतो. बाहेर गल्लीतल्या भिंतीवर ‘गुप्तरोग तज्ज्ञ’ वाट पाहतच असतो. रुग्णाने आडून बोलावे, तो त्याचा हक्क आहे. डॉक्टरने आडून विचारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘बाकी सगळे ठीक ना?’ हा प्रश्नच नव्हे.

मधुमेहाच्या रुग्णाला पायाच्या मुंग्यांबद्दल विचारून झाले, की त्याच आवाजात मी विचारतो, ‘बायकोशी संबंध येतो का? ताठरता येते का, टिकते का?’ काही जण खिडकीकडे बघत उत्तर देतात. काही जण आधी सोबतच्या मुलाला केसपेपर आणायला बाहेर पाठवतात.