माशांचे पुनर्वसन

नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही नौका सिंधुदुर्गात निवतीजवळच्या समुद्रात बुडवून पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभिंत उभारण्याचा प्रकल्प महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने हाती घेतला आहे. स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांना नौका पाहायला मिळेल आणि माशांना घर, अशी ही कल्पना. समुद्रापासून इतक्या दूर, किल्लारीत बसून त्यावर लिहिण्याचे कारण एवढेच की, घरे बांधली म्हणजे गाव वसत नाही, हे आपण अनुभवले आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर नवी गावे उभी राहिली. रस्ते रुंद झाले. पण शेजार जुळायला वर्षे गेली. समुद्रातही तसेच घडते. लोखंडावर आधी जिवाणू आणि शेवाळ धरते, मग कालवे, स्पंज चिकटतात. त्यांच्या आधाराने लहान मासे येतात आणि त्यांच्या मागे मोठे. मात्र जहाजाभोवती मासे दिसले म्हणजे ते वाढलेच असे नाही. आजूबाजूचेच तिथे गोळा झालेले असू शकतात. मग तिथे जाळी पडू लागली, तर घराचा सापळा होईल.

अमेरिकेत फ्लोरिडाजवळ १९७० च्या दशकात सुमारे २० लाख जुने टायर याच हेतूने समुद्रात टाकले गेले. त्यांची बांधणी सुटली आणि ते जवळच्या जिवंत प्रवाळावर आदळू लागले. पुढे ते काढायला लष्कराचे पाणबुडे लावावे लागले.

माझा प्रकल्पाला विरोध नाही. नवशिक्यांचे पाय जिवंत प्रवाळावर पडण्यापेक्षा लोखंडावर पडलेले बरे. पण बुडवण्यापूर्वी नौकेतले तेल आणि विषारी रंग पूर्ण काढले जावेत. भोवतीच्या मासेमारीचे नियम स्थानिक मच्छीमारांशी बोलून ठरावेत. आणि दरवर्षी माशांची, प्रवाळाची मोजणी करून आकडे जाहीर व्हावेत. तिकीटविक्री हा त्याला पर्याय नाही.

आपल्याकडून जाणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवावे. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. त्यामुळे श्वास रोखून वर येणे फुप्फुसांना धोक्याचे असते. सर्दी असेल तर पाण्यात उतरू नये. दमा किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि तिथल्या अर्जात तो लपवू नये.